चाकरीच्या रांगेत

बाळाजी आवजींची गोष्ट अनेकांनी शाळेत ऐकलेली असते. वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीची मर्जी फिरली, वडील मारले गेले आणि बायकोमुलांना गुलाम म्हणून विकण्यासाठी गलबतात घालून पाठवण्यात आलं. राजापूरला मामाने त्यांना सोडवून घेतलं आणि बाळाजी तिथेच लिहिण्याच्या कामाला लागला. पुढे या मुलाचं पत्र शिवाजी महाराजांच्या हाती पडलं, ते अक्षर पाहून महाराजांनी त्याला बोलावून घेतलं आणि तो स्वराज्याचा चिटणीस झाला, अशी परंपरा आहे. कोऱ्या कागदावरून आख्खं पत्र घडाघडा वाचून दाखवल्याची कथाही त्याच्याच नावावर आहे. बखरींना तिखटमीठ वर्ज्य नव्हतं, तेव्हा तपशिलाचा फार आग्रह धरू नये. पण या परंपरेतून एक गोष्ट कळते. लेखणीच्या चाकरीसाठी केलेला अर्ज हाच कामाचा नमुना असे. मजकुरात काय मागितलंय ते नंतर, आधी अक्षर बघायचं.

हे अक्षर अर्थातच मोडी. मराठी मुलखाच्या कारभाराची ती लिपी. कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग हात शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरं ओवत जायचं. बोरू तासायचा, त्याला तिरपा काप द्यायचा, शाई ओली असली की वर वाळू भुरभुरायची. चांगला कारकून म्हणजे भराभर लिहूनही दुसऱ्याला वाचता येईल असं लिहिणारा. या दोन गोष्टी एका हातात क्वचितच नांदतात, हे मोडी कागद वाचायला बसलेल्या कुणालाही पहिल्या तासाभरात कळतं. पंतोजींच्या शाळेतला अभ्यासक्रमही याच चाकरीच्या मापाने बेतलेला होता. धूळपाटीवर कित्ता गिरवायचा, मोडी लिहायचं-वाचायचं आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करायची. साडेतीनपटीचा पाढा पाठ असलेला मुलगा पुढे शेतसाऱ्याच्या हिशेबाला कामी येई.

पेशवाईच्या भरात पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून बसत. कोकणातून घाट चढून येणाऱ्या तरुणांसाठी ते मोठं आकर्षण होतं. पण नुसत्या वळणदार अक्षरावर तिथे शिरकाव होई असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. फडणिशी, चिटणिशी, मुजुमदारी ही कामं घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेली. नवा माणूस येई तो कुणाचा तरी भाचा, मेहुणा, निदान गावकरी म्हणून. अक्षर चांगलं हवं, आणि ते अक्षर कुणाच्या तरी नजरेखाली नेऊन ठेवणारा माणूसही हवा. या दोन गोष्टींची जोडगोळी पुढच्या दोनशे वर्षांत फुटलेली नाही, फक्त पहिलीचं रूप पालटत गेलं.

जाता जाता सांगायचं तर, मोडी विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आणि ते वाचणारी माणसं मात्र मोजकी, अशी अवस्था झाली. २०२३ च्या सप्टेंबरात जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकाएकी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. हौस म्हणून ही लिपी शिकलेल्यांना कलेक्टर कचेरीतून फोन जाऊ लागले.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारने कचेऱ्या थाटल्या. त्यांत एक विलक्षण जमात वाढली, ती म्हणजे उमेदवारांची. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर, कारकुनांच्या पाठीमागे ही तरुण मंडळी बसलेली असत. नकला करायच्या, बेरजा तपासायच्या, बस्त्याच्या गाठी सोडायच्या-बांधायच्या, साहेबाचा मुक्काम हलला की कागदांबरोबर आपणही हलायचं. पगार नाही. जागा रिकामी झाली की आपला नंबर लागेल, या आशेवर वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काढायची. घरून भाकरी बांधून आणण्याइतकी ऐपत ज्याची, त्यालाच हे परवडणार. आजच्या बिनपगारी इंटर्नशिपला नवी प्रथा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उमेदवारीत नजरेत भरायचं असेल तर हुशारीपेक्षा हजेरी महत्त्वाची. शिरस्तेदाराच्या हाकेला पहिल्यांदा ‘जी’ म्हणणारा पोरगा पुढे सरके.

इंग्रजीने हे चित्र पालटलं. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने ठराव काढला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तुकडी तरी केवढी, तर चार जणांची. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांना कुठे अर्ज घेऊन फिरावं लागलं नाही. रानड्यांचंच बघा. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक असं करत १८७१ मध्ये ते पुण्यात सबजज्ज होऊन आले, तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आतबाहेर होतं. नोकऱ्याच त्यांचा पत्ता विचारत येत होत्या.

पुढच्या पिढीला हे भाग्य लाभलं नाही. पदवीधर वाढले तशी नोकरीसाठीची अट चढत गेली. मॅट्रिक पास झालेला तरुण सुरुवातीला गावात बघण्यासारखा माणूस होता. काही दशकांत तो कारकुनीच्या पन्नास अर्जदारांतला एक झाला. मग एक गमतीदार पात्रता जन्माला आली, ती म्हणजे नापासाची. ‘बी.ए. नापास’ असं लोक अर्जात ठसठशीतपणे लिहीत, कारण त्यातून निदान ते परीक्षेपर्यंत पोचले होते हे सिद्ध होई. खेड्यापाड्यांत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल हे नाक होतं. ती पास झाली की मास्तरकी किंवा तलाठ्याच्या जागेचं दार किलकिलं होई, आणि ‘फायनल झालेला’ एवढ्या ओळखीवर मुलाला स्थळं सांगून येत.

याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली आणि १८८० च्या जानेवारीत टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरही त्यांना येऊन मिळाले. या मंडळींची थोरवी सांगताना त्यांच्या त्यागाचा उल्लेख हटकून होतो. तो वाजवीच आहे, पण त्यातून बाजाराचा भावही कळतो. पदवी हातात असताना सरकारी नोकरी न करणं हा त्याग गणला जाई, इतकी ती नोकरी खात्रीची आणि मानाची होती.

उमेदवारीची सगळ्यात उंच पायरी म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस. १८५५ पासून ही परीक्षा खुल्या स्पर्धेने घेतली जाऊ लागली, पण ती लंडनला. ‘खुली’ या शब्दात समुद्रप्रवास, तिथला खर्च, लॅटिन-ग्रीक आणि घरच्यांचा धर्मभंगाचा आकांत एवढं सगळं गुंडाळलेलं होतं. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये ही परीक्षा पास होणारे पहिले हिंदी ठरले. १८६९ मध्ये एकदम चौघे पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर.

आणि तिथेच माशी शिंकली. सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद या दोघांनी दिलेलं वय आणि त्यांनी आपापल्या विद्यापीठात मॅट्रिकच्या वेळी सांगितलेलं वय यांचा मेळ बसत नाही, सबब ते वयाच्या मर्यादेबाहेर आहेत, असं म्हणून परीक्षा घेणाऱ्या आयोगाने त्यांची नावं यादीतून काढली. घोटाळा साधा होता. आपल्याकडे ‘सोळावं लागलं’ म्हणजे पंधरा पूर्ण झाली आणि सोळावं चालू आहे. मॅट्रिकच्या अर्जात आपल्या रीतीने चालू वर्ष लिहिलं गेलं, लंडनच्या साहेबांनी ते पूर्ण झालेलं वर्ष धरलं. म्हणजे ज्या माणसाने इंग्रज पोरांच्या बरोबरीने, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच विषयांत परीक्षा जिंकली, तो हरणार होता तो वय मोजायच्या रीतीवर. सुरेंद्रनाथ थेट क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. तिथे आयोगाची बाजू टिकली नाही आणि दोघांनाही परत घेण्यात आलं. श्रीपाद बाबाजी मुंबई इलाख्यात रुजू झाले.

वयाची ही मर्यादा सरकारच्या हातातलं सोयीचं हत्यार होती. सुरुवातीला कमाल वय तेवीस होतं, ते उतरत उतरत १८७८ पासून एकोणीसवर आलं. एकोणिसाव्या वर्षी मुंबई किंवा कलकत्त्याचा मुलगा लंडनला पोचून तयारी करून पास होणं जवळजवळ अशक्यच, आणि ते ठरवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. भारतात ही परीक्षा घ्यायला १९२२ उजाडावं लागलं. त्याआधी चारच वर्षं, १९१८ मध्ये, चिंतामण द्वारकानाथ देशमुख लंडनला जाऊन त्या परीक्षेत पहिले आले होते. १९१२ च्या मुंबईच्या मॅट्रिकलाही पहिला नंबर त्यांचाच होता आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली होती. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. असा एखादा देशमुख दाखवून ‘दार उघडंच आहे’ म्हणणं सत्तेला नेहमीच सोपं जातं.

वयाच्या या भानगडीचा धडा मराठी मास्तरांनी मात्र पुरेपूर घेतला. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख सांगता न येणाऱ्या आईबापांच्या मुलांना मास्तर १ जून ही जन्मतारीख देऊन टाकत. जूनमध्ये शाळा सुरू होई, वर्षांचा हिशेब बिनचूक जमे, आणि पुढे नोकरीच्या अर्जात काही महिन्यांची सवड मिळाली तर मिळाली. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या समारंभांची झुंबड का उडते, त्याचं उत्तर त्या हजेरीपटात आहे.

इथवर आलेली नावं पुन्हा एकदा वाचली की एक गोष्ट खुपते. स्पर्धा होती ती मूठभर जातींच्या आत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही हेच दुखणं मांडलं होतं. शेतकऱ्याच्या साऱ्यावर शाळा-कॉलेजं चालतात आणि त्यातून निघालेले कारकून त्याच शेतकऱ्याला नाडतात. शाहू महाराज १८९४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर बसले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या, आणि कारकुनीच्या ५०० जागांवर ब्राह्मणेतर होते अवघे १०. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. हुकमाआधीच, १९०१ मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं होतं, पुढे इतर जातीधर्मांच्या मुलांसाठीही निघाली. १९१८ मध्ये त्यांनी वंशपरंपरेची कुळकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. गावच्या दफ्तराला पहिल्यांदाच अर्जदार मिळाला तो जन्माने न ठरणारा.

लेखणीच्या चाकरीबाहेर मुंबईत आणखी एक मोठी रांग होती. पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली आणि विसाव्या शतकापर्यंत परळ, लालबाग, भायखळा म्हणजे भोंग्यांचा मुलूख झाला. रत्नागिरी आणि साताऱ्याकडून आलेला गडी पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राही. तिथे अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती. तिथे जॉबर होता. खात्यात माणूस घ्यायचा, काढायचा, कुणाला कुठल्या साच्यावर लावायचं, सगळं त्याच्या हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गावचा असला तर उत्तम. नसला तर दस्तुरी, म्हणजे नोकरी लावल्याबद्दल पहिल्या पगारातून आणि मग अधूनमधून त्याच्या हातावर ठेवायचे पैसे. गावकऱ्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि खात्यातला जॉबर एकाच ओळखीच्या धाग्याने बांधलेले असत. कायम जागा मिळेपर्यंत गडी ‘बदली’ राही. कुणी आजारी पडला किंवा शिमग्याला गावी गेला, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदलीची कार्डं काढली. ज्याच्याकडे कार्ड, त्याने रोज सकाळी फाटकाशी हजर व्हायचं, काम असेल तर आत, नसेल तर घरी. जॉबरचा हात त्याने थोडा आखडला, संपला नाही.

गिरणीतली एक तऱ्हा मात्र कुठल्याही कौशल्याने ओलांडता येत नव्हती. चांगला पगार विणकाम खात्यात. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. हे काम विणकर तोंडाने करी. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला की सूत बाहेर येई. तोच धोटा दिवसभरात कितीतरी जणांच्या ओठांना लागे. एवढ्या एका कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात पाऊल ठेवू दिलं जात नसे, मग हात कितीही सफाईचा असो. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या मागण्यांत तो येईपर्यंत कामगार पुढाऱ्यांना सोडलं नाही.

खुद्द बाबासाहेबांचा अनुभव काय होता? कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेला, लंडनला शिकून आलेला हा तरुण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात रुजू झाला, तेव्हा कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत आणि शहरात राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते मुंबईला परतले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, तीही मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा शब्द पडल्यावर, असं चरित्रकार सांगतात. त्या काळच्या मुंबईत त्यांच्या तोडीचा उमेदवार शोधून सापडला नसता. तरीही शब्द लागला.

दरम्यान कचेऱ्यांत यंत्र आलं. वर्तमानपत्रांच्या ‘पाहिजेत’च्या रकान्यांत बराच काळ एक अट ठरलेली असे, ‘स्वहस्ताक्षरात अर्ज करावा’. टाइपरायटरने सुंदर अक्षराचा तो शेवटचा मान काढून घेतला. आता विचारलं जाऊ लागलं, स्पीड किती? इंग्रजी चाळीस, मराठी तीस. कारकून-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला एवढे शब्द, आणि हे आकडे सरकारी जाहिरातींत इतकी वर्षं छापले गेले की मराठी घरांत ते पिनकोडासारखे पाठ झाले.

त्या जमान्यातली टायपिंग इन्स्टिट्यूट ज्याने पाहिली त्याला ती आवाजानेच आठवेल. बाजारपेठेत, एखाद्या किराणा दुकानाच्या माडीवर, लाकडी जिना चढून गेलं की दहा-बारा रेमिंग्टन किंवा गोदरेज यंत्रं ओळीने मांडलेली. तासाच्या हिशेबाने यंत्र मिळे. पहिले काही आठवडे फक्त डाव्या हाताने ए, एस, डी, एफ आणि उजव्या हाताने सेमीकोलन, एल, के, जे. सगळा जीव जाई तो करंगळीचा. ‘ए’ तिच्या वाट्याला, आणि यंत्राची कळ तिच्या ताकदीच्या मानाने जड. अक्षर फिकट उमटलं की सरांच्या ते लगेच लक्षात येई. मराठीचं यंत्र आणखी खट्याळ, अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या, रफार आणि वेलांट्या मागाहून चढवायच्या. खाली बघायचं नाही हा नियम. काही ठिकाणी कळांवर फळी किंवा कापड टाकून हात त्याखाली घालायला लावत. परीक्षा पुण्याच्या परीक्षा परिषदेची. स्पीडचा उतारा, पत्र आणि तक्ता असे भाग. तक्त्याच्या उभ्या रेघा जुळवताना भल्याभल्यांची गाळण उडे, आणि चुकीगणिक गुण कापले जात. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत मुलामुलींना टायपिंगला घालणं ही मध्यमवर्गीय घरांची रीतच झाली. मुलींसाठी तर हा जिना फार मोलाचा ठरला. घराबाहेर एकटीने जाऊन शिकायचं आणि त्यावर नोकरी मिळवायची, याला घरच्यांची हरकत नसलेल्या मोजक्या वाटांपैकी ती एक होती.

गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बनवला. तोवर मुंबईच्या कंपन्यांत इंग्रजी शॉर्टहँड-टायपिंगचं काम मोठ्या प्रमाणावर दक्षिणेतून आलेल्या तरुणांकडे गेलं होतं. ते पिटमनचं शॉर्टहँड शिकूनच व्ही.टी.ला उतरत. ‘मार्मिक’ साप्ताहिकात कंपन्यांमधल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येऊ लागल्या, आणि १९६६ मध्ये त्या रागातून शिवसेना उभी राहिली. संघटनेचा इतिहास लिहिणारे त्यात भाषा, अस्मिता, राजकारण असं बरंच काही शोधतात, आणि ते सगळं त्यात आहेही. पण मुळाशी टायपिस्टच्या खुर्चीसाठीची चुरस होती, हे विसरून चालत नाही.

सरकारने दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः परतलेल्या सैनिकांसाठी, रोजगार विनिमय केंद्रं काढली. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा तिथे कळवणं बंधनकारक झालं. मग प्रत्येक तरुणाच्या खिशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आलं. वेळेवर जाऊन ते नूतनीकरण करायचं, नाहीतर नोंदणीची ज्येष्ठता गेली. वर्षानुवर्षं कॉल न आलेले लोकही ते कार्ड जपून ठेवत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या एक्स्चेंजच्या यादीवर भरती करू नये, वर्तमानपत्रांतही जाहिरात द्यावी. कार्डाची उरलीसुरली पत त्या दिवशी गेली.

या साऱ्या काळात अर्जासोबत जोडायच्या साक्षांकित प्रतींसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळणं हा भरतीचाच एक अलिखित पेपर होता. गेल्या दहा-बारा वर्षांत स्वयंसाक्षांकनाने तो रद्द केला. उशिरा का होईना, एवढं एक शहाणपण झालं.

चारचौघांत उठून दिसण्याची सगळ्यात सांगितली जाणारी आधुनिक कथा १९७४ ची आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. तळाशी अट होती, महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून जाब विचारला. टेल्कोने त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि कंपनीच्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून नेमलं. पोस्टकार्डाचं कौतुक होतं ते योग्यच आहे. मात्र त्या पोस्टकार्डामागे एम.ई.पर्यंतची अव्वल गुणपत्रिका होती, हे सांगायचं राहून जातं. आणि पत्र वाचून हुकूम सोडणारा माणूस पलीकडे होता, हेही.

सरकारी भरती माणसाच्या मर्जीतून काढून परीक्षेच्या हवाली करण्याचं काम लोकसेवा आयोगांनी केलं. मुंबई-सिंध लोकसेवा आयोग १९३७ चा, आणि महाराष्ट्राचा आयोग राज्याबरोबर १९६० मध्ये आला. मुलाखतीत वशिला चालतो ही तक्रार एवढी जुनी आणि एवढी सार्वत्रिक, की केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. आता उरले ते गुण. त्यांच्यासाठी पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये मराठवाडा-विदर्भातली मुलं पहाटेपासून खुर्ची धरतात. २०२३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या आयोगाची वर्णनात्मक मुख्य परीक्षा २०२५ पर्यंत पुढे ढकलावी म्हणून हीच मुलं पुण्याच्या रस्त्यावर उतरली होती, आणि सरकारला ते ऐकावं लागलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षानुवर्षं पर्याय निवडण्याचा सराव करून घ्यायचा आणि एकाएकी निबंध लिहायला सांगायचा, हा न्याय नव्हे.

खासगी बाजारातही रांग आखूड झालेली नाही. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे २,२०० जागांसाठी कालिन्याला हजारोंची झुंबड उडाली. चेंगराचेंगरीची भीती दिसताच अर्ज ठेवून घरी जा असं उमेदवारांना सांगावं लागलं. रांगेत पदवीधर होते.

शाहू महाराजांनी पगारी केलेल्या तलाठ्याच्या जागेचं काय झालं, ते २०२३ मध्ये दिसलं. राज्यात साडेचार हजारांवर जागा निघाल्या. परीक्षेची फी खुल्या गटासाठी १,००० रुपये, तरी अर्ज आले १० लाख ४१ हजारांच्या घरात, आणि साडेआठ लाखांहून अधिक जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले. इतक्यांना एका दिवसात बसवणं अशक्य, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अनेक सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका देण्यात आल्या. कठीण-सोप्या सत्रांचा तोल साधण्यासाठी गुणांचं सामान्यीकरण झालं. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत काही उमेदवारांच्या नावापुढे २०० हून अधिक गुण होते. गदारोळ झाला, सामान्यीकरणाचं सूत्र समजावून सांगण्यात आलं, यादी कायम राहिली. त्या यादीत नेमके २०० गुण मिळवणारा उमेदवार पहिला आला नसता.